पावडर बदलण्याआधी पाणी पाहा : नागपूरच्या घरात धुण्याची उत्पादने निवडण्याची आणि पारखण्याची रीत

तीन वर्षांपूर्वी आम्ही धरमपेठेतले भाड्याचे घर सोडून बेसा भागात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. यंत्र तेच होते आणि पावडरही तीच, तरी दोन महिन्यांत पांढऱ्या बनियनांवर राखाडी झाक आली, टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होऊ लागले आणि काळ्या कुर्त्याच्या शिवणींवर पांढरट रेघा दिसू लागल्या. मी दोष पावडरीला दिला. लागोपाठ तीन पावडरी बदलल्या, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा महाग घेतली आणि प्रत्येक वेळी पहिल्या दोन धुण्यांत बरे वाटून तिसऱ्या धुण्याला पुन्हा तेच झाले. शेवटी आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंनी निदान केले : "काकू, निरमा कोणताही आणा जी, पाणीच बोरिंगचं आहे." आमच्याकडे कोणत्याही कंपनीच्या पावडरीला निरमाच म्हणतात, हे नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.

त्यांचे म्हणणे खरे निघाले. तेव्हापासून मी या विषयाकडे जरा शिस्तीने पाहू लागले. माझा अनुभव असा आहे की, धुण्याच्या पावडरीबद्दल आपण जी नाराजी बोलून दाखवतो तिच्यातला मोठा वाटा पाण्याचा आणि मापाचा असतो, आणि उत्पादनाचा खरा गुणदोष हे दोन्ही ठीक केल्यावरच कळतो. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात. पाणी न तपासता पावडरींची तुलना करणे म्हणजे तवा तापला की नाही हे न पाहता पिठाला नावे ठेवणे.

पहिली पायरी : घरात कोणते पाणी येते ते ओळखा

नागपूर शहराला नळाने मिळणारे पाणी मुख्यतः कन्हान नदीचे आणि पेंच प्रकल्पाचे असते, म्हणजे नदीचे किंवा धरणात साठवलेले. ते बोअरच्या पाण्यापेक्षा सहसा हलके असते. शहराच्या कडेच्या वस्त्यांत मात्र अनेक इमारती पूर्णपणे किंवा अर्ध्याअधिक बोअरवर चालतात, आणि उन्हाळ्यात टँकर आला की त्याचे पाणी कुठून भरले हे कोणालाच ठाऊक नसते. जमिनीखालचे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात आणि बोलताना आपण जड पाणी म्हणतो. ते चवीला खारट असेलच असे नाही, त्यामुळे केवळ चवीवरून निष्कर्ष काढू नये.

नागपूरकरांना जड पाणी ओळखायला उपकरण लागत नाही, कारण प्रत्येकाच्या घरी कूलर असतो. हंगाम संपताना कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या बाजूच्या जाळ्या, काढाव्यात आणि त्यांवर बोट फिरवावे. ताट्या केवळ मळलेल्या असतील तर पाणी बरे आहे. त्यांवर पांढरा, नखाने खरवडला तरी न निघणारा, चुन्यासारखा थर असेल तर तोच थर वर्षभर आपल्या टॉवेलांच्या धाग्यांतही बसतो आहे, असे समजावे. गिझरचे कॉइल आणि नळाच्या तोंडाची जाळी यांवरही हीच खूण दिसते.

याहून नेमके हवे असेल तर पुढील चाचणी करावी. एकसारख्या दोन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि दुसरीत घरचे पाणी, प्रत्येकी एक पेला, भरावे. अंगाचा साधा साबण किसून थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्याचे द्रावण करावे. इथे धुण्याची पावडर चालत नाही, साबणच हवा. मग दोन्ही बाटल्यांत एकेक छोटा चमचा द्रावण घालून जोराने हलवत राहावे आणि फेस मिनिटभर टिकायला कोणत्या बाटलीला किती चमचे लागले ते मोजावे. आमच्या बेशाच्या पाण्याला डिस्टिल्डच्या सातपट साबण लागला आणि तोवर बाटलीत ताक फाटल्यासारखे पांढरे कण तरंगू लागले होते. हे कण म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा चोथा. बनियनांवरची राखाडी झाक बऱ्याच अंशी अशाच चोथ्यात अडकलेल्या मळाची असते, विशेषतः ज्या घरांत कॉलर आणि बाह्या साबणाच्या वडीने घासण्याची सवय आहे तिथे.

प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतल्यास अहवालात 'एकूण कठीणता', म्हणजे पाण्याचा जडपणा, हा आकडा पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. मात्र पिण्याला चालणारे पाणी धुण्याला चालेलच असे नाही, आणि माझ्या मते ३०० च्या पुढे गेलात की साध्या पावडरीकडून पांढरेशुभ्र कपडे मागणे अन्यायाचे ठरते. टीडीएस मीटरचा आकडा सर्व विरघळलेल्या क्षारांचा असतो, त्यामुळे त्यावरून कठीणतेचा केवळ अंदाज येतो.

इथे एका चांगल्या हेतूने होणाऱ्या चुकीबद्दल सांगायला हवे. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून त्यात कपडे भिजवतात. आरओ यंत्र गोड पाणी वेगळे काढते तेव्हा मूळ पाण्यातले क्षार याच टाकाऊ पाण्यात एकवटतात, म्हणजे घरातले सर्वांत जड पाणी आपण नेमके कपड्यांना देतो. ते फरशी पुसायला वापरावे, धुण्याला नको.

दुसरी पायरी : पाकीट नीट वाचा

भारतात सर्फ १९५९ मध्ये आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरच्या आवारात बनवलेली स्वस्त निरमा पावडर विकायला सुरुवात केली. स्वस्त की महाग हा वाद तेव्हापासून चालूच आहे. आज इतवारीतल्या एखाद्या ठोक दुकानात उभे राहिलात तर वडी, साधी पावडर, यंत्राची 'मॅटिक' पावडर, द्रवरूप डिटर्जंट आणि पोत्यातली सुटी पावडर असे सगळे एका नजरेत दिसते. यांतले काय घ्यावे हे ठरवण्यासाठी आत काय असते ते ढोबळमानाने माहीत असावे.

मळ सोडवण्याचे मुख्य काम पृष्ठक्रियाकारक द्रव्य करते. त्याचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे तेलकट मळ धाग्यापासून सुटून पाण्यात येतो. साध्या पावडरींत हे द्रव्य बहुधा लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट असते. ते साबणापेक्षा जड पाण्याला अधिक तोंड देते, पण पूर्णपणे नाही. म्हणून त्याच्या जोडीला पाण्यातले कॅल्शियम बांधून ठेवणारे घटक घालतात, उदाहरणार्थ सोडा, झिओलाइट किंवा फॉस्फेट. हे घटक कमी असले की जड पाण्यात पावडरीचा बराच भाग पाण्याशी झुंजण्यातच खर्ची पडतो आणि मळापर्यंत उरलेलाच पोहोचतो. चांगल्या पावडरीत यांशिवाय एन्झाइम असतात. प्रोटिएज रक्त, दूध, घाम यांच्या डागांवर काम करते, लायपेज तेलातुपावर आणि अमायलेज पिठाच्या, वरणभाताच्या डागांवर. निघालेला मळ पुन्हा कपड्यावर बसू नये यासाठीही एक घटक असतो, आणि स्वस्त पावडरीत काटकसर होते ती बहुधा इथेच.

पाकिटावर टक्क्यांसह पूर्ण यादी क्वचितच मिळते, पण एन्झाइम असल्यास कंपनी ते अभिमानाने छापते. आयएस ४९५५ हे घरगुती धुण्याच्या पावडरीचे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख असेल तर चांगलेच. निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता किंवा क्रमांक ही माहिती बंद पाकिटावर असायला हवी. प्रति एकक दर अवश्य पाहावा, कारण 'इतके टक्के जादा मोफत' या ठळक अक्षरांपेक्षा तो जास्त खरे बोलतो. पोत्यातल्या सुट्या पावडरीवर यांपैकी काहीच नसते. तिच्यात सोडा आणि भरताड किती हे कळायला मार्ग नाही. मी ती फक्त पायपुसणी आणि फरशीची फडकी धुण्यासाठी घेते.

राहिला फेस. फेसाचा आणि स्वच्छतेचा जो संबंध आपल्या मनात आहे तो साबणाच्या काळातला आहे, कारण जड पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि मळही निघत नसे. आजच्या पावडरीत फेस हवा तितका कमी-जास्त करता येतो. समोरून उघडणाऱ्या यंत्रासाठीच्या पावडरीला मुद्दाम कमी फेस ठेवलेला असतो, कारण तिथे कपडे थोड्या पाण्यात एकमेकांवर आपटून धुतले जातात आणि फेसाची गादी झाली तर आपटणेच बंद होते. हातधुण्याची पावडर अशा यंत्रात घालणे म्हणजे यंत्र आणि कपडे दोन्ही बिघडवणे होय. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात मात्र दोन्ही चालतात.

तिसरी पायरी : माप

पाकिटातला चमचा सपाट भरायचा की शीग लावून, हे कोणी सांगत नाही. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजले तेव्हा आमच्या चमच्यात सपाट भरल्यावर ४२ ग्रॅम आणि शीग लावल्यावर ६८ ग्रॅम पावडर मावत होती, आणि घरातली दोन माणसे दोन पद्धतींनी भरत होती. एकदा वजन करून त्या चमच्यावर कायम शाईच्या पेनाने रेघ ओढावी. सुरुवात पाकिटावरच्या मापानेच करावी. हलक्या पाण्यात ते थोडे कमी करून पाहावे आणि जड पाण्यात थोडे वाढवावे, पण एका वेळी पाचदहा ग्रॅमच्या पुढे बदल करू नये.

जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज सर्वांत महाग पडतो. जादा पावडर खळबळून निघत नाही, धाग्यांत राहते, वाळल्यावर कपडा कडक करते आणि पुढच्या घामाला व धुळीला धरून ठेवते. ज्यांच्या अंगाला, विशेषतः लहान मुलांच्या काखेत आणि कमरेला, धुतलेल्या कपड्यांनी खाज येते त्यांनी पावडर बदलण्याआधी एकदा माप पाऊण करून आणि एक पाणी जास्त काढून पाहावे. तपासण्याचा उपाय सोपा आहे : धुऊन वाळवलेला टॉवेल बादलीभर स्वच्छ पाण्यात, काहीही न घालता, पाच मिनिटे हाताने घुसळावा. पाण्यावर फेस आला तर मागच्या धुण्याची पावडर अजून त्यातच आहे.

किंमतही मापावरच ठरते. समजा, एक पावडर ९० रुपये किलोची आहे आणि तुमच्या पाण्यात एका धुण्याला ती ७० ग्रॅम लागते, तर ते धुणे ६ रुपये ३० पैशांचे झाले. दुसरी २०० रुपये किलोची आहे, पण ३० ग्रॅममध्ये काम होते, तर ते धुणे ६ रुपयांचे. दुकानातल्या किमतीवरून यांपैकी स्वस्त कोणती हे ठरवता येणार नाही.

चौथी पायरी : घरी चाचणी घ्या

आता कुठे पावडरींची तुलना करण्याला अर्थ आहे. मी वापरलेली रीत सविस्तर सांगते. तिला एक रविवार आणि त्यानंतरचे तीन आठवडे लागतात.

एक जुने पांढरे सुती धोतर घेऊन त्याचे वीतभर लांबीरुंदीचे तुकडे करावेत. नवे कापड घेऊ नये, कारण त्यातली खळ निकाल बिघडवते. तुकड्यांवर पेनाने खूण केली तर ती धुण्यात जाते, म्हणून एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याच्या गाठी माराव्यात, पहिल्या पावडरीच्या तुकड्यांना एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. डाग आपल्या घरचेच घ्यावेत. मी सावजी रश्श्यावरची तर्री, दुधाचा चहा, शेतातून आणलेली काळी माती आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण) असे चार घेतले. खर्रा घरातल्या एका व्यक्तीच्या कृपेने सहज उपलब्ध होता. प्रत्येक डाग मोजून, एकाच चमच्याने, तुकड्याच्या मधोमध टाकावा आणि एक दिवस तसाच वाळू द्यावा, कारण ताजा डाग कोणतीही पावडर काढते. प्रत्येक पावडरीमागे एक तुकडा कोराही ठेवावा.

दुसऱ्या दिवशी जितक्या पावडरी तितक्या एकसारख्या बादल्या, सारखेच पाणी, आणि प्रत्येक पावडर तिच्या योग्य मापाने. अर्धा तास भिजवणे, सारखेच चोळणे, दोनदा खळबळणे. शक्य असल्यास धुण्याचे काम दुसऱ्याला द्यावे आणि कोणत्या गाठीची कोणती पावडर हे गुण देणाऱ्याला सांगू नये. माझ्या सासूबाईंनी गुण दिले आणि ज्या पावडरीला त्या वीस वर्षे चिकटून होत्या तिला तिसरा क्रमांक दिला. कळल्यावर त्यांनी चाचणीच अमान्य केली, तो भाग वेगळा.

गुण देताना प्रकाशाकडे लक्ष द्यावे. बहुतेक पावडरींत कपडा उजळ दाखवणारे द्रव्य असते. ते सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत देते, त्यामुळे अंगणात कपडा पांढराशुभ्र दिसतो, मळ निघालेला असो वा नसो. घरातल्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. म्हणून तेच तुकडे एकदा दिवसा सावलीत आणि एकदा रात्री दिव्याखाली पाहावेत. अंगणात पहिला आलेला तुकडा रात्री मागे पडला, तर तुम्ही स्वच्छतेचे नव्हे, चकाकीचे पैसे देत आहात.

तर्रीच्या तुकड्यांवर एक गंमत हमखास दिसते. पावडरीच्या पाण्यात बुडताक्षणी पिवळा डाग लालबुंद होतो आणि डाग वाढला असे वाटून माणूस घाबरून जास्त चोळतो. ही हळद आहे, क्षारयुक्त पाण्यात तिचा रंग लाल होतो आणि स्वच्छ पाण्यात खळबळल्यावर पुन्हा पिवळा. आमच्या चाचणीत तर्रीचे तेल एन्झाइमवाल्या पावडरीने उठून दिसेल इतके चांगले काढले, पण हळद एकाही बादलीत पूर्ण गेली नाही. ती गेली दोरीवर, दुपारच्या उन्हात, दोन दिवसांत. हळदीचा रंग उन्हात उडतो हे आपल्या आज्यांना माहीत होते, आणि त्यासाठी वेगळ्या बाटलीचे पैसे मोजण्याची नागपुरात तरी गरज नाही. काळ्या मातीत स्वस्त आणि महाग यांत फरकच पडला नाही, फक्त माती आधी वाळवून झटकलेली हवी. खर्ऱ्याचा तपकिरी डाग सर्वांत चिवट निघाला. त्यासाठी ऑक्सिजन ब्लीच लागले, त्याविषयी पुढे येईल.

ही झाली पहिल्या दिवसाची परीक्षा. खरी परीक्षा कोऱ्या तुकड्यांची. ते तीन आठवडे रोजच्या कपड्यांबरोबर, ज्याच्या त्याच्या पावडरीत, किमान दहा वेळा धुवावेत आणि मग न धुतलेल्या धोतराच्या शेजारी ठेवावेत. राखाडीपणा आणि कडकपणा हे साचत जाणारे दोष आहेत. नवी पावडर पहिल्या दोन धुण्यांत चांगली वाटते आणि मग फसवते, याचे कारणही हेच. दहा धुण्यांनंतर जो तुकडा मऊ आणि मूळ रंगाचा राहतो ती तुमच्या पाण्याची पावडर, शेजाऱ्यांची कोणतीही असो.

पाचवी पायरी : जोडीची द्रव्ये

जड पाण्याच्या घरात पहिला मान धुण्याच्या सोड्याचा. तो कॅल्शियम खाली बसवतो आणि पावडर मळासाठी मोकळी करतो. हिशोब असा की, कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल तर वीस लिटरच्या बादलीत ८ ग्रॅम कठीणता असते आणि तिला साधारण साडेआठ ग्रॅम कोरडा सोडा पुरतो, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे. सोड्याचे स्फटिक असतील तर त्यांत पाणी असल्याने अडीचपटीहून थोडे जास्त, २३ ग्रॅमच्या आसपास, लागतात. आधी सोडा पूर्ण विरघळवावा, दहा मिनिटे थांबावे, मग पावडर आणि त्यानंतर कपडे. हातमोजे घालावेत. रेशीम आणि लोकर यांना सोडा अजिबात लावू नये. खाण्याचा सोडा हा याचा धाकटा भाऊ आहे, पण या कामात फार दुबळा.

दुसरे उपयोगी द्रव्य म्हणजे लिंबूसत. टॉवेल कडक झाले असतील तर शेवटच्या पाण्यात बादलीला एक छोटा चमचा लिंबूसत विरघळवून दहा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढावेत, म्हणजे साचलेला चुना विरघळून निघतो. आमचे पापड झालेले टॉवेल तीन वेळा असे केल्यावर माणसात आले. लिंबूसत किंवा व्हिनेगर पावडरीच्याच पाण्यात मात्र घालू नये, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. मोबाइलवर फिरणारी 'व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घाला' ही युक्ती फसफसते छान, पण हाती उरते ते जवळजवळ निरुपयोगी पाणी.

ब्लीच दोन प्रकारचे असते. ऑक्सिजनचे, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर, चहा, खर्रा, फळांचे रस यांच्या डागांवर चांगले चालते आणि बहुतेक पक्क्या रंगांना सांभाळून घेते, पण त्याला कोमट पाणी आणि तासभर वेळ लागतो. क्लोरिनचे ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी ठेवावे. ते आम्लासोबत, म्हणजे लिंबूसत, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याच्या आम्लासोबत, कधीही मिसळू नये, विषारी क्लोरिन वायू निघतो. अमोनिया असलेल्या द्रव्यांसोबतही नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरिनने पांढरा कपडा तपकिरी ठिपक्यांचा होतो, कारण विरघळलेले लोह गंजाच्या रूपात धाग्यावर बसते. अशा ठिपक्यांवर पुन्हा ब्लीच टाकणे म्हणजे आगीत तेल. सर्व ब्लीच धुऊन काढल्यावर, वेगळ्या पाण्यात, तिथे लिंबूसतच कामाला येते.

नीळ मळ काढत नाही, पिवळेपणावर निळी झाक देऊन डोळ्याला पांढरे भासवते. त्यात गैर काही नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीवर जाणाऱ्या किती घरांत आदल्या दिवशी निळीची बाटली निघते, हे आमच्या दक्षिण नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. थेंब आधी मगभर पाण्यात हलवून मग बादलीत घालावेत आणि कपडा एकाच जागी फार वेळ ठेवू नये, एवढे पाळले की ढग उमटत नाहीत.

कपडे मऊ करणारे कंडिशनर धाग्यावर पातळ लेप देते. साड्या, चादरी यांना ते चालते. टॉवेल आणि पंचे यांची पाणी शोषण्याची ताकद मात्र त्याने कमी होते. ते पावडरीसोबत घालू नये, दोघांचे विरुद्ध प्रभार एकमेकांना बांधून टाकतात. सुगंधाबद्दल माझे मत जरा कडवट आहे : ज्या घरात वासासाठी तिसरी बाटली लागते तिथे बहुधा पहिल्या दोन बाटल्यांचे माप चुकलेले असते.

करवती काठाची टसर साडी असो की लोकरी शाल, प्रोटिएज असलेली पावडर वापरू नये, कारण रेशीम आणि लोकर ही प्रथिनेच आहेत आणि प्रोटिएज प्रथिनेच तोडते. त्यांच्यासाठीचे सौम्य द्रव वेगळे मिळते. शंका असेल तर साडी कोरड्या धुलाईला द्यावी.

सहावी पायरी : ऋतूप्रमाणे बदल

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी आपोआप तापलेले असते. मी एकदा थर्मामीटर बुडवला तर ४४ अंश भरले. एन्झाइम आणि ऑक्सिजन ब्लीच यांना हे पाणी फुकटचा गिझर आहे, म्हणून डागाळलेले पांढरे कपडे उन्हाळ्यात दुपारी भिजवावेत. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग मात्र गरम पाण्यात पक्के बसतात. ते पहाटेच्या किंवा माठाशेजारच्या गार पाण्यातच आधी काढावेत. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. आमच्या उन्हात ते तासाभरात वाळतात, त्यानंतरचा प्रत्येक तास रंग उडवण्यात जातो.

पावसाळ्यात कुबट वास येतो तो हळू वाळणाऱ्या कपड्यांत वाढणाऱ्या जिवाणूंचा. सुगंधी द्रव्य तो झाकते, काढत नाही. जास्त पिळणे, दोन कपड्यांत वीतभर अंतर आणि खोलीत पंखा, हा उपाय. पावडरही ओल धरते आणि तिच्यातले ब्लीच व एन्झाइम निकामी होत जातात, म्हणून जूननंतर मोठे पाकीट घेऊ नये आणि पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. थंडीत गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, तिला आधी मगभर कोमट पाणी द्यावे.

सातवी पायरी : तरीही समाधान नसेल तर

पाणी आणि माप दोन्ही ठीक असूनही कपड्याचा रंग गेला, वजन कमी भरले किंवा पाकिटावरचा दावा उघड खोटा निघाला, तर गप्प बसू नये. उरलेली पावडर तशीच ठेवावी, खराब झालेल्या कपड्याची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत आणि पाकिटावरच्या ग्राहक सेवेला लेखी कळवावे. फोन केला तरी मागोमाग ईमेल पाठवावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. वजनातल्या खोटीसाठी वैधमापन विभागाकडे जावे.

या सगळ्याला बिल आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक लागतो, आणि पावडर डब्यात ओतल्यावर आपण पहिल्यांदा फेकतो ते पाकीटच. मी आता बॅच क्रमांकाचा आणि तारखेचा तुकडा कापून, बिलाची घडी मागे ठेवून, डब्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावते आणि पावडर संपली की तुकडाही काढून टाकते.